पाहुण्यांच्या हातचा ‘स्पिरिट’

एका प्रतिभेनें निर्माण केलेलें पात्र दुसऱ्याच्या हातांत गेलें म्हणजे त्याचें काय होतें, हा प्रश्न आमच्या वाङ्मयास नवा नाहीं. मोरोपंतांनीं १०८ रामायणें रचल्याची प्रसिद्धि आहे; तीं रचतांना वाल्मीकीची अनुज्ञा घ्यावी असें त्यांच्या स्वप्नांतहि आलें नसेल, आणि ती न घेतल्याबद्दल त्यांस कोणीं दोषहि दिला नाहीं. उलट एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हां यापुढें तींत कोणीं आपली ओवी घालूं नये असा कडक इशारा ते देऊन गेले. रामाची कथा सर्वांची, पण ज्ञानेश्वरांची ओवी ज्ञानेश्वरांचीच, अशा या दोन वृत्ति आमच्यांत शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत आणि त्यांचें भांडण क्वचितच झालें आहे.

विसाव्या शतकांतील अमेरिकन चित्रकथेनें मात्र हें भांडण चव्हाट्यावर आणलें. तेथें पात्र ही जशी कल्पनेची तशीच खरेदीखताचीहि वस्तु होती. १९३८ सालीं जेरी सीगल व जो शूस्टर या दोन तरुणांनीं सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांस विकले. पुढें सुपरमॅन असंख्य हातांनीं काढला, आणि ज्यांनीं त्याला जन्म दिला तेच त्याच्या घरीं पगारी चाकर म्हणून राबले. अशा ठिकाणीं ‘पाहुणा चित्रकार’ हा शब्दच वापरतां येत नाहीं. कारण पाहुणा यावयाचा तर घरांत आधीं यजमान असावा लागतो. यजमान घरांत असतां, त्याच्या संमतीनें, कांहीं वेळां तर त्याच्या देखत, पाहुण्यांनीं त्याच्याच पात्राची निराळी मांडणी करून पाहिली, असें एक ठळक उदाहरण या कलेच्या इतिहासांत आहे. तें म्हणजे विल आयझनर याचा ‘स्पिरिट’ होय.

मुखवटा घातलेला नायक मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. १९६४ पासून मुंबईहून निघूं लागलेल्या इंद्रजाल चित्रकथांतून ली फॉक याचा ‘वेताळ’ मराठी घरांत शिरला व बरींच वर्षें तेथें राहिला. त्या वेताळाचे चित्रकार रे मूर, विल्सन मॅकॉय, साय बॅरी असे बदलत गेले. परंतु लेखक फॉक हा १९९९ मध्यें मरेपर्यंत एकच राहिल्यामुळें, हात बदलल्याचें बालवाचकांच्या फारसें ध्यानांतहि आलें नसावें. स्पिरिटची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथें हात बदलला कीं लगेच ओळखूं येतो, आणि तो कां ओळखूं येतो हें पाहणें मोठें उद्बोधक आहे.

आयझनरचा जन्म ६ मार्च १९१७ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत, युरोपांतून आलेल्या एका ज्यू कुटुंबांत झाला. १९३६ मध्यें जेरी आयगर याच्या भागीदारींत त्यानें चित्रकथा तयार करून देण्याचा कारखानाच काढला. कारखाना हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर वापरीत आहों: एकानें पेन्सिलीनें आकृति काढाव्या, दुसऱ्यानें त्यांवर शाई फिरवावी, तिसऱ्यानें पार्श्वभूमि भरावी, चौथ्यानें फुग्यांतील अक्षरें लिहावीं, असा तो प्रकार होता. १९३९ च्या अखेरीस एव्हरेट अर्नोल्ड हा प्रकाशक व वर्तमानपत्रांस मजकूर पुरविणारें एक सिंडिकेट यांनीं आयझनरकडे रविवारच्या पत्राबरोबर फुकट वाटावयाची १६ पानांची चित्रकथा-पुरवणी मागितली. आयझनरनें चालता कारखाना सोडला. पण एक अट घातली, आणि पुढील सर्व इतिहासाची किल्ली त्या अटींतच आहे. पात्राची मालकी अखेर आपलीच राहिली पाहिजे, असें त्यानें करारांत लिहून घेतलें. हक्काची नोंद प्रथम अर्नोल्डच्या नांवें झाली खरी. परंतु भागीदारी संपतांच ती आयझनरकडे यावी अशी तरतूद होती. बावीस वर्षांच्या मुलानें त्या काळीं व त्या धंद्यांत एवढी गोष्ट पदरांत पाडून घ्यावी, याचें आम्हांस त्याच्या चित्रांहूनहि कांकणभर अधिक कौतुक वाटतें.

२ जून १९४० रोजीं पहिली पुरवणी निघाली. डेनी कोल्ट नांवाचा एक तरुण गुन्हेशोधक डॉक्टर कोब्रा या दुष्टाच्या रसायनानें निश्चेष्ट पडतो. लोक त्याला मेला समजून पुरतात. पुढें शुद्धीवर आल्यावर तो आपल्या मृत्यूचाच फायदा घेतो आणि वाइल्डवुड नांवाच्या स्मशानभूमीच्या पोटांत बिऱ्हाड थाटून सेंट्रल सिटी या कल्पित शहरांतील गुन्हेगारांच्या मागें लागतो. हें रहस्य पोलीस कमिशनर डोलन यास ठाऊक असतें. त्याची मुलगी एलेन ही नायिका. नायकाचा वेष म्हणाल तर निळा सूट, गळ्यांत टाय, डोक्यावर हॅट. सिंडिकेटला भडक पोशाखाचा वीर हवा होता व आयझनरला साधा माणूस हवा होता. तेव्हां तडजोड म्हणून डोळ्यांवर एक पट्टीवजा मुखवटा व हातांत मोजे चढले. याच्या अंगीं अमानुष शक्ति मुळींच नाहीं. तो मार पुष्कळ खातो, त्याच्या सुटाच्या चिंध्या होतात, बायका त्याला सहज फसवितात, आणि कित्येकदां गुन्हेगार त्याच्यामुळें न सांपडतां नशिबानेंच सांपडतो. भरभराटीच्या काळांत ही पुरवणी २० वर्तमानपत्रांबरोबर सुमारें ५० लक्ष प्रतींत जात असे.

आतां ज्याला आपण आयझनरचा स्पिरिट म्हणतों, तो तरी एकट्या आयझनरचा होता काय? १९४२ मध्यें आयझनर सैन्यांत गेला व १९४५ च्या अखेरीपर्यंत तेथेंच होता. या काळांत पुरवणी बंद पडली नाहीं. लू फाइन व जॅक कोल यांसारख्या चित्रकारांनीं ती चालविली, कथा दुसऱ्यांनीं लिहिल्या. हे दोघे सामान्य चित्रकार नव्हते. फाइनच्या मानवाकृतींची डौलदार शरीरें पाहून त्या पिढीचे कित्येक चित्रकार हात जोडीत. कोलनें स्वतः ‘प्लॅस्टिक मॅन’ नांवाचें अफाट विनोदी पात्र निर्माण केलें होतें. असें असूनहि युद्धकाळांतील स्पिरिट वाचतांना घास घशाखालीं उतरत नाहीं. मुखवटा आहे, हॅट आहे, डोलनचा पाइप आहे, गुन्हा आहे, शिक्षाहि आहे. नाहीं तें एवढेंच कीं ही गोष्ट सांगण्याची कोणास निकड होती असें वाटत नाहीं. हे पहिले पाहुणे होते आणि यजमानाच्या गैरहजेरींत त्यांनीं दिवाबत्ती तेवढी इमानानें केली. त्यांचें नांवहि तेव्हां चित्राखालीं पडलें नाहीं.

युद्धानंतर मात्र कारखान्यांत एक निराळाच पोरगा शिरला. १९४६ मध्यें जूल्स फायफर हा विशीच्या आंतला मुलगा आयझनरकडे काम मागावयास आला. त्याचें चित्र कच्चें होतें, पण आयझनरचें जुनें काम त्याला तोंडपाठ होतें. कांहीं दिवसांनीं, हल्लींच्या गोष्टी पूर्वींच्याइतक्या चांगल्या उतरत नाहींत, असें त्यानें धन्याला तोंडावर सांगितलें. त्यावर, तर मग तूंच एक लिहून दाखव, असें आयझनरनें त्याला बजावलें. त्यानें ती लिहिली, आणि पुढें लिहीतच राहिला. असा शागीर्द व असा उस्ताद एका खोलींत येणें हा योगायोगच होय. ११ सप्टेंबर १९४९ च्या पुरवणींतील दहा मिनिटांची गोष्ट ही बहुतांशीं फायफरची. एका कफल्लक तरुणाच्या आयुष्यांतील शेवटचीं दहा मिनिटें तींत सांगितलीं आहेत, आणि स्पिरिट त्यांत केवळ तोंडदेखला येऊन जातो. त्याच्या आदल्या वर्षीं, ५ सप्टेंबर १९४८ रोजीं, आयझनरची गेरहार्ड श्नॉबल याची गोष्ट आली होती. श्नॉबल हा एक क्षुद्र पहारेकरी. त्याला उडतां येतें, पण तें जगाला ठाऊक नाहीं. नोकरी गेल्यावर एके दिवशीं तो उंच इमारतीच्या गच्चीवरून सर्वांच्या देखत उडण्यास निघतो. त्याच वेळीं त्या गच्चीवर स्पिरिट व चोर यांची झटापट चालू असते. एक चुकार गोळी श्नॉबलला लागते व तो मरून पडतो. तो उडत होता हें कोणीच पाहिलेलें नसतें. अवघ्या सात पानांची ही गोष्ट आयझनरची स्वतःची फार आवडती होती. येथें नायक, न कळत कां होईना, एका अद्भुताच्या मृत्यूचें निमित्त ठरतो व तें त्याला कळतहि नाहीं.

या दोन गोष्टींवरून आमचें मत असें झालें आहे कीं, स्पिरिट हें पात्र म्हणून फार खोल नाहीं. तें एक दार आहे. दारांतून कोण आंत येतो, याला महत्त्व. आयझनरची खरी सही त्या मुखवट्यावर नसून सांगण्याच्या पद्धतींत आहे: पहिल्या पानावर ‘स्पिरिट’ हीं अक्षरें कधीं इमारतींच्या भिंती होतात, कधीं गटारांतून वाहत जाणारे कागदाचे कपटे होतात, चौकटी कोठें खिडक्या होतात तर कोठें नाहींशा होतात, आणि पाऊस तर असा पडतो कीं पान ओलें लागावें. या पावसाला हार्वे कर्ट्झमन या विनोदी चित्रकारानें थट्टेनें ‘आयझनश्प्रिट्झ’ असें नांव ठेविलें होतें. पुढें जे पाहुणे आले त्यांच्यापुढें म्हणून दोन वाटा होत्या. मुखवटा उचलावा, किंवा पद्धत उचलावी. तिसरी एक वाट होती. ती फार थोड्यांस दिसली, आणि तिच्याविषयीं आम्हांस विशेष बोलावयाचें आहे.

तत्पूर्वीं मधला इतिहास भराभर सांगून टाकूं. १९५१ पासून आयझनर अमेरिकन सैन्यासाठीं यंत्रांच्या निगराणीचें सचित्र मासिक काढूं लागला व त्याचें लक्ष पुरवणीवरून उडालें. २७ जुलै १९५२ पासून फायफरच्या संहितेवर वॉली वूड यानें स्पिरिटला कैद्यांच्या तुकडीसह चंद्रावर पाठविलें. वूडच्या काळ्याकभिन्न आकाशाचीं व खडकांचीं तीं चित्रें अतिशय सुंदर आहेत; तथापि शहर गेलें, पाऊस गेला, आणि हवा नसलेल्या त्या गोळ्यावर स्पिरिटचा जीव गुदमरला. ५ ऑक्टोबर १९५२ रोजीं पुरवणी बंद झाली. १९६५ मध्यें फायफरनेंच जुन्या चित्रकथांवर एक ग्रंथ लिहून स्पिरिटची आठवण जागी केली. १९७३ पासून डेनिस किचन याच्या ‘किचन सिंक’ या प्रकाशनसंस्थेनें जुन्या गोष्टी पुन्हा छापण्यास आरंभ केला. हक्क आयझनरचे असल्यामुळें हें सर्व त्याच्या इच्छेनें व त्याच्या लाभासाठीं झालें.

जुलै १९८१ च्या ३० व्या अंकांत या मासिकानें एक मोठी पंगत घातली. आयझनरनें संहिता लिहिली आणि पन्नासएक चित्रकारांनीं पानें वांटून घेतलीं. कर्ट्झमन, रिचर्ड कॉर्बेन, ब्रायन बोलंड, ट्रिना रॉबिन्स, बिल सिन्केविच, तरुण फ्रँक मिलर अशीं मंडळी त्यांत होती. वाचकास पानागणिक स्पिरिटचें नाक बदलतांना दिसतें, आणि त्यांतच मौज आहे. याला वाङ्मय म्हणण्याचें कारण नाहीं. साठी ओलांडलेल्या एका कलावंताभोवतीं त्याच्या कलेचे वारस जमले होते, आणि अशा समारंभांत पक्वान्नाची परीक्षा करणें शिष्टपणाचें नव्हे. तरी एक गोष्ट तेथें सिद्ध झाली. चेहरा पन्नास प्रकारें बदलला तरी स्पिरिट ओळखूं येत होता. चेहरा हा त्याचा प्राण नव्हता.

अशी पंगत प्रत्येक घरीं बसत नाहीं. बेल्जमचा एर्जे ३ मार्च १९८३ रोजीं वारला, तेव्हां आपल्यामागें टिनटिनला कोणीं हात लावूं नये ही त्याची इच्छा सर्वश्रुत होती. त्याची अपुरी राहिलेली शेवटची गोष्ट १९८६ मध्यें प्रसिद्ध झाली ती तशीच, कच्च्या रेखाटनांच्या स्थितींत. पुरी करण्यास कोणास बसविलें नाहीं. चार्ल्स शुल्झ याच्या ‘पीनट्स’ची शेवटची नवी रविवारची चित्रमालिका १३ फेब्रुवारी २००० रोजीं छापली गेली, आणि शुल्झ आदल्याच रात्रीं वारला होता; त्यानंतर वर्तमानपत्रांत नवी मालिका कोणाहि दुसऱ्यानें काढली नाहीं. हे दोघे एकनाथांच्या पक्षाचे, असें म्हणावयास हरकत नाहीं. आम्ही त्यांस चुकीचे समजत नाहीं. टिनटिनची स्वच्छ रेषा व चार्ली ब्राउनचें केविलवाणें डोकें यांपासून त्यांचे कर्ते वेगळे काढतां येत नाहींत. आयझनरचा स्पिरिट मात्र जन्मापासूनच चार हातांत वाढलेला होता, आणि त्यामुळें त्याला दुसऱ्याच्या घरीं जाण्याचें भय नव्हतें.

१९९८ मध्यें किचन सिंकनें ‘स्पिरिट: नवीं साहसें’ या नांवाची स्वतंत्र मालिका काढली. यजमान हयात होता, वय ८१. आपण स्वतः नव्या गोष्टी करावयाच्या नाहींत व इतरांनीं करण्यास संमति द्यावयाची, असें त्यानें ठरविलें. पहिला अंक ॲलन मूर व डेव्ह गिबन्स या इंग्रज जोडीकडे गेला. याच दोघांनीं १९८६-८७ मध्यें ‘वॉचमेन’ ही चित्रकथा करून मुखवट्याच्या वीरांची सारी कल्पनाच उलटीपालटी केली होती, व तींत प्रत्येक पानाचे नऊ सारखे चौकोन हें गिबन्सचें ब्रीद होतें. स्पिरिटसाठीं त्यानें तें ब्रीद बाजूस ठेविलें. पानें मोकळीं झालीं, अक्षरें पुन्हा दगडाचीं व लाकडाचीं झालीं. मूरनें या अंकांत तीन लहान गोष्टी लिहिल्या आणि त्या तीनही स्पिरिटच्या जन्मकथेभोवतींच फिरतात. तीच घटना, पण पाहणारा निराळा. मुख्य घटना एकीकडे घडत असावी व गोष्ट मात्र भलत्याच माणसाची व्हावी, हा श्नॉबलच्या गोष्टींतला डाव मूरनें बरोबर हेरला होता. दुसऱ्या अंकांत नील गेमन व एडी कॅम्बेल आले. कॅम्बेलची ओरखड्यांसारखी, मुद्दाम अनाकर्षक ठेवलेली रेषा आयझनरच्या गुळगुळीत कुंचल्याशीं कोणत्याहि तऱ्हेनें जुळत नाहीं. तरीहि त्या अंकांतील वातावरण अस्सल वाटतें. उलट पुढच्या अंकांतील कांहीं जणांनीं पाऊस, सावल्या, टोपी सगळें हुबेहूब काढलें, आणि तें पाहून आम्हांस लग्नांतल्या भाड्याच्या शालूची आठवण झाली. आठ अंक निघाले. १९९९ मध्यें प्रकाशनसंस्थाच बुडाली व मालिका थांबली.

३ जानेवारी २००५ रोजीं आयझनर वारला. त्याच्या मृत्यूनंतर दोन मोठे प्रयत्न जवळजवळ एकदमच झाले, आणि त्यांची तुलना अपरिहार्य आहे. पहिला डार्विन कुक या कॅनडाच्या चित्रकाराचा. बॅटमन व स्पिरिट यांच्या भेटीचा एक अंक त्यानें लेखक जेफ लोब याच्यासह केला. त्याला २००७ मध्यें उत्कृष्ट अंकाचें पारितोषिक मिळालें, आणि त्या पारितोषिकाचें नांवच मुळीं ‘आयझनर पारितोषिक’ आहे. नंतर कुकनें स्पिरिटचे बारा अंक काढले. त्यानें गोष्ट सरळ आजच्या काळांत आणली. पहिल्याच अंकांत एका दूरचित्रवाणीच्या बातमीदार बाईला गुंड पळवून नेतात, आणि सुटका चालू असतांनाहि ती आपलें वृत्तनिवेदन थांबवीत नाहीं! आयझनरला ही बाई नक्कीच आवडली असती.

दुसरा प्रयत्न २५ डिसेंबर २००८ रोजीं प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा. दिग्दर्शक होता फ्रँक मिलर, तोच, जो १९८१ च्या पंगतींत बसला होता. आयझनरशीं त्याचा स्नेह होता. दोघांच्या संभाषणाचें एक जाडजूड पुस्तक २००५ मध्यें निघालें आहे. एवढ्या जवळच्या माणसाच्या हातून इतकें फसलेलें काम व्हावें हें नवल आहे. चित्रपटाचा खर्चहि भरून आला नाहीं. आमच्या मतें त्याचें वर्म एका लहानशा गोष्टींत सांपडतें. मूळ कथेंत ऑक्टोपस नांवाचा खलनायक आहे. आयझनरनें त्याचा चेहरा एकदांहि दाखविला नाहीं. वाचकास दिसत ते त्याचे हातमोजे. मिलरनें ही भूमिका सॅम्युएल जॅक्सन या विख्यात नटास दिली आणि त्याचा चेहरा पडदाभर, नाना पोशाखांत, अखेरपर्यंत दाखविला. जें न दाखविण्यांत सारी शक्ति होती तेंच त्यानें दाखविलें. मुखवटा उचलला, पद्धत टाकली.

आतां त्या तिसऱ्या वाटेकडे वळूं. स्पिरिटच्या घरांत एक कोपरा असा होता कीं तिकडे पाहतांना त्याच्या भक्तांचीहि मान खालीं जाते. स्पिरिटचा सोबती एबनी व्हाइट हा कृष्णवर्णी मुलगा. नांवापासूनच थट्टा, एबनी म्हणजे काळें शिसवी लांकूड आणि आडनांव पांढरें. फुगीर ओठ, वटारलेले डोळे, मोडकीतोडकी बोली, असा तो त्या काळच्या गोऱ्या रंगभूमीवरून जसाच्या तसा उचललेला सोंगाड्या होता. हा मुलगा शूर आहे, हुशार आहे, स्पिरिटचा जीव त्यानें अनेकदां वांचविला आहे, कांहीं गोष्टींचा तर तोच नायक आहे. आणि यामुळेंच त्याचें तें सोंग अधिक बोंचतें. आयझनरला हें अगदींच कळत नव्हतें असें नाहीं. १९४७ मध्यें त्यानें ग्रे नांवाचा एक कृष्णवर्णी पोलीस अधिकारी आणला; तो सोंग नव्हता, शुद्ध इंग्रजी बोलत असे. १९४९-५० च्या सुमारास एबनी मागें पडला व त्याच्या जागीं सॅमी हा गोरा मुलगा आला. पण एबनीचें चित्र दुरुस्त झालें नाहीं; तें फक्त नजरेआड झालें. तो काळच तसा होता, हें आयझनरचें पुढील आयुष्यांतलें उत्तर. तें उत्तर खरें असलें तरी पुरतें समाधानकारक नाहीं.

येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. २००३ मध्यें, ८६ वर्षांच्या वयांत, आयझनर स्वतःच दुसऱ्याच्या घरीं पाहुणा म्हणून गेला. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्यें फेगिन नांवाचा चोरांचा म्होरक्या आहे, आणि त्याचा उल्लेख पदोपदीं ‘तो ज्यू’ असाच येतो. आयझनरनें फेगिनचें नांव मथळ्यावर घालून एक सबंध चित्रकथा लिहिली. तींत फांशीच्या आधीं कोठडींत बसलेला फेगिन खुद्द डिकन्सला आपली हकीकत ऐकवितो: आपण कोठून आलों, दारिद्र्यानें काय केलें, आणि तुम्हीं माझी जातच तेवढी कां पाहिली. प्रस्तावनेंत आयझनर एबनीचा विषय आपण होऊन काढतो. दुसऱ्यानें आपल्या जातीचें विकृत चित्र काढलें तें खोडावयास निघालेल्या माणसाला, आपणहि दुसऱ्या जातीचें तसेंच चित्र काढलें होतें, हें लपवितां येईना. डिकन्सचें उदाहरणहि येथें सांगण्यासारखें आहे. १८६३ मध्यें एलिझा डेव्हिस या ज्यू स्त्रीनें त्याला पत्र लिहून फेगिनबद्दल जाब विचारला. १८६७ च्या आवृत्तींत डिकन्सनें पुढील प्रकरणांतून ‘ज्यू’ हा शब्द ठिकठिकाणीं काढून टाकला. तिच्या पत्राच्या वेळीं ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ पुरी होऊन चोवीस वर्षें लोटलीं होतीं. कर्त्याचा हात आपल्या चुकीपर्यंत पोंचावयास असा वेळ लागतो, आणि कधीं कधीं तो पोंचतच नाहीं.

पाहुण्याच्या हातून साप मारावा, अशी आमच्यांत एक म्हण आहे. ती चतुर यजमानाच्या आपमतलबीपणावर टीका म्हणून वापरतात. एबनीच्या बाबतींत ती निराळ्या अर्थानें खरी ठरली. मिलरनें चित्रपटांतून एबनीला साफ वगळलें. म्हणजे साप आहे त्या कोपऱ्याला कुलूप घातलें. कुकनें तसें केलें नाहीं. त्याचा एबनी हा टॅक्सी चालविणारा, रस्त्याची खडान्‌खडा माहिती असलेला, स्पिरिटला वेळप्रसंगीं चार शब्द सुनावणारा चलाख मुलगा आहे. त्याचे ओठ व डोळे इतरांच्यासारखेच माणसाचे आहेत आणि बोली शहरांतल्या कोणाहि मुलाची आहे. एवढा साधा बदल, पण त्यामुळें स्पिरिटचा व त्याचा स्नेह प्रथमच लाज न वाटतां वाचतां येतो. २०१५ मध्यें, पात्राच्या पंचाहत्तरीनिमित्त, मॅट वॅग्नर यानें जी नवी मालिका लिहिली तींत तर आरंभीं स्पिरिटच नाहीं. तो दोन वर्षें बेपत्ता आहे, लोक त्याला दुसऱ्यांदा मेला समजतात, आणि त्याचा शोध घेण्यास निघतात ते एबनी व सॅमी. आतां दोघेहि वयांत आलेले, खाजगी गुप्तहेर. ज्या दोन मुलांपैकीं एकाला काढून दुसऱ्याला आणलें होतें, ते येथें भागीदार म्हणून शेजारीं बसतात. आयझनरला जें साधलें नव्हतें तें वॅग्नरनें कोणताहि गाजावाजा न करतां करून टाकलें, आणि तेंहि आयझनरच्याच पद्धतीनें: नायकाला दाराबाहेर ठेवून.

कोणी म्हणतील, मूळ चित्रांवर हा अन्याय नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. १९४० च्या पुरवण्या पुन्हा छापल्या गेल्या आहेत आणि त्यांत एबनी जसा होता तसाच आहे. त्या कोणीं खरवडल्या नाहींत व खरवडूंहि नयेत. जुनी प्रत शुद्ध ठेवावी हा एकनाथांचा आग्रह आणि नवें रामायण रचावें हा पंतांचा हौशी उद्योग, हे दोन्ही येथें एका घरांत सुखानें राहिले, कारण त्या घराची कागदपत्रें धन्याच्या नांवें होतीं व दार उघडावयाचें कीं नाहीं हें त्याला ठरवितां आलें.

धन्यानें स्वतः स्पिरिट शेवटचा काढला तो मात्र या घरांत नव्हे. मायकेल शेबॉन यानें आपल्या २००० सालच्या कादंबरींत चित्रकथेच्या आरंभकाळांतले दोन कल्पित चित्रकथाकार रंगविले आहेत. कादंबरीसाठीं शेबॉननें ज्या जुन्या मंडळींकडे माहितीसाठीं धाव घेतली त्यांत आयझनरहि होता. त्या दोघांनीं निर्माण केलेला म्हणून जो ‘एस्केपिस्ट’ नांवाचा वीर कादंबरींत आहे, त्याच्या खऱ्याखुऱ्या चित्रकथा पुढें निघूं लागल्या, आणि त्यांच्या सहाव्या अंकासाठीं आयझनरनें सहा पानांची एक गोष्ट केली. तींत एस्केपिस्टला भेटावयास स्पिरिट येतो. वृद्ध चित्रकारानें हीं पानें मृत्यूपूर्वीं कांहीं आठवडेच पुरीं करून पाठविलीं होतीं. अंक २००५ मध्यें, त्याच्या पश्चात् बाहेर पडला.